एअर फिल्टरमध्ये तेल साचत होतं, इंजिन न खोलता कसं सुटलं (माझा अनुभव)

गाडी बाबांची आहे, 2016 ची, 350 सीसी, कार्ब्युरेटरवाली. रिटायर झाल्यावर त्यांनी हौसेने घेतली, आता गुडघ्यांमुळे त्यांना जमत नाही म्हणून मी चालवतो. हे आधीच सांगतोय कारण बाबा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ह्या गाडीचं इंजिन एकदाही खुललेलं नाही, आणि मला ते तसंच ठेवायचं होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मित्र महेश्वरला गेलो, महू करून जाम गेटवरून. घाटात धुकं, खाली उतरल्यावर मोकळा रस्ता, गाडी मस्त ताणली. रात्री इंदूरला रामबागेत घरी येऊन लावली आणि सकाळी बघतो तर फरशीवर रुपयाएवढे तीन काळे डाग. इंजिनखाली नाही, थोडे मागे, साइड पॅनलच्या खाली. पॅनल काढलं, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडलं तर पेपर फिल्टरचा खालचा अर्धा भाग तेलाने थबथबलेला आणि डब्याच्या तळाशी चहाच्या कपाच्या पाव भागाएवढं तेल. मग लक्षात आलं की गेला महिनाभर गाडी जड का वाटत होती आणि 35 चं अ‍ॅव्हरेज 28 वर का आलं होतं. हवाच पुरत नव्हती बिचारीला.

नेहमीच्या गॅरेजवर नेली. त्याने झाकण उघडून एकदा बघितलं आणि म्हणाला, "भिया, रिंग गई इसकी, इंजन खोलना पड़ेगा." रिंग म्हणजे पिस्टनभोवतीची कडी. खर्च सांगितला नऊ हजार. मी काही बोललो नाही, गाडी परत घेऊन आलो. वाईट वाटलं, रात्री बाबांना सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या नानांकडे गेलो. नाना आता पंचाहत्तरीला आले, पूर्वी त्यांचं स्वतःचं वर्कशॉप होतं. त्यांनी आधी गाडीकडे बघितलंच नाही, मला खाली बसवून विचारलं, "सायलेन्सरमधून निळा धूर येतो का रे? ऑइल कमी होतंय का?" दोन्ही नाही. मग त्यांनी स्पार्क प्लग काढायला लावला. प्लग कोरडा काळा होता, काजळी धरल्यासारखा. नाना म्हणाले की रिंग गेली असती तर प्लग तेलाने ओला निघाला असता, ही काजळी नुसती हवा कमी पडल्याची आहे.

आणि मग त्यांनी समजावलं की मुळात तिथे तेल येतंच कसं. पिस्टन खाली येतो तेव्हा इंजिनाच्या खालच्या केसमधली, जिथे ऑइल असतं तिथली, हवा दाबली जाते, शिवाय थोडा गॅस रिंगांच्या कडेने खाली झिरपतोच, अगदी नव्या गाडीतसुद्धा. तो बाहेर पडायला ब्रीदरचा पाइप असतो आणि तो पाइप एअर फिल्टरच्या डब्यात सोडलेला असतो, म्हणजे तो गॅस रस्त्यावर न जाता परत इंजिनात जाऊन जळावा. त्या गॅसबरोबर तेलाची वाफ थोडी येणारच. पण एवढं येत असेल तर एक तर रिंग गेली, नाहीतर पाइपाचा काही घोळ आहे, नाहीतर इंजिनात ऑइलच जास्त आहे.

"ऑइल कुणी टाकलं आणि गाडी कशी उभी होती तेव्हा?" असं त्यांनी विचारलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुलैत सर्व्हिसिंगला गाडी साइड स्टँडवर होती. आमच्या गाडीची ऑइल बघायची काच उजव्या बाजूला आहे आणि साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, म्हणजे तेल डावीकडे जातं आणि काचेत कमी दिसतं. कमी दिसलं म्हणून सर्व्हिसिंगवाल्या पोराने वरून अजून ओतलं. आम्ही गाडी मेन स्टँडवर, सपाट फरशीवर घेतली, इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं, दहा मिनिटं थांबलो आणि बघितलं तर काच पूर्ण भरलेली, वरची रेघ केव्हाच बुडालेली. एवढं ऑइल असलं की आतलं क्रँकचं चाक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो ते, ऑइल घुसळतं, फेस होतो, आणि हायवेवर ताणली की तो फेस ब्रीदरमधून थेट डब्यात. शहरात हळू चालवताना एवढं कळत नाही.

मेडिकलवरून 50 एमएलची सिरिंज आणली, पुढे पातळ नळी लावली आणि ऑइल टाकायच्या भोकातून सातदा ओढून काढलं. साडेतीनशे एमएल! तेव्हा कुठे लेव्हल दोन रेघांच्या मधे आली.

नाना एवढ्यावर थांबले नाहीत. ब्रीदरचा पाइप काढायला सांगितला. तो मधेच खाली लोंबून यू सारखा झाला होता आणि त्या वाकणात दह्यावरच्या सायीसारखा पांढरट पिवळा लगदा. हे पाणी आणि तेल मिसळून होतं. माझं ऑफिस घरापासून तीन किलोमीटर, पावसाळ्यात तेवढ्या अंतरात इंजिन नीट तापतच नाही, आतला दमटपणा उडून जात नाही. पाइप रॉकेलने धुऊन, फुंकून, रात्रभर वाळवला आणि सियागंजातून दोन क्लिपा आणून वरच्या वर उताराने बांधला, कुठे खड्डा पडणार नाही असा.

डबा धुताना एक काळजी मात्र घ्या, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या रबरच्या तोंडात आधी स्वच्छ फडकं कोंबा. मग तेल पुसलं, भांड्याच्या साबणाने घासलं, उन्हात सुकवलं. पेपर फिल्टर धुवायचा नसतो, तेल प्यालेला पेपर परत हवा सोडत नाही, तो सरळ नवा टाकला. फोमवाला असता तर धुऊन चालला असता.

मनात शंका नको म्हणून छावणीत एका जुन्या मेकॅनिककडे कम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर हवा किती दाबतो ते, पण तपासून घेतलं. एकदा तसंच आणि एकदा प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून. रिंग झिजलेली असेल तर ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वर चढतो, कारण तेल ती फट भरून काढतं. आमचा जवळजवळ होता तिथेच राहिला. तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं.

सगळा खर्च फिल्टर, क्लिपा, सिरिंज आणि कम्प्रेशनचे पैसे धरून आठशेच्या आत. त्यानंतर भेरूघाटावरून ओंकारेश्वर करून आलो, झाकण उघडलं तर तळाला नुसता ओशटपणा, तेवढा असतोच. डब्याच्या खाली एक छोटी बूच लावलेली नळी असते, ती आता दर महिन्याला बाबा स्वतः खुर्ची टाकून बसतात आणि माझ्याकडून उघडून घेतात. मागच्या वेळी अर्धा चमचा निघालं.