उतू जाणारा शब्द

आज भाचीचा अभ्यास घेताना एक इंग्रजी शब्द भेटला, एबुलियंट. अर्थ काय, तर आनंदाने, उत्साहाने भरलेला माणूस. शब्दकोशात मुळापर्यंत गेले तर लॅटिनमध्ये निघालं उकळणं, बुडबुडे येणं. 16व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला तेव्हा तो खरोखर उकळत्या गोष्टींसाठीच वापरायचे, माणसांसाठी नंतर. आणि आपण काय म्हणतो? उत्साह नुसता उतू जातोय! किती छान वाटलं मला. कुठलं लॅटिन, कुठलं सोलापूर, पण चुलीवरचं पातेलं दोघांनीही पाहिलेलं.

संध्याकाळी कडक भाकरी आणायला गल्लीतल्या आक्कांकडे गेले. बाहेर पारा 42, आत चुलीची धग. आक्का परातीत ज्वारीची भाकरी थापत होत्या. कोपरापर्यंत पीठ, बांगड्या मागे सरकवलेल्या, भाकरी इतकी पातळ की कडेनं परात दिसावी. तरी मला बघताच, "या की ओ ताई! बसा, चटणी आत्ताच कुटलीय, शेंगा ताज्या हायत." हातावर चटणीचा गोळा आलाच. मग नातवाच्या दहावीची बातमी सांगताना त्या इतक्या रंगल्या की तव्यावरची भाकरी करपली, तर त्यावरही खळखळून हसल्या.

मी म्हटलं, "आक्का, तुमच्यासाठी एक इंग्रजी शब्द शिकलेय आज."

"चांगला हाय न्हवं?"

लई चांगला हाय, आक्का.