तानपुरा वाचवायचा असेल तर

वडिलांनी घरगुती बैठकींत ध्वनिमुद्रित केलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटी मी २००६ साली संगणकावर उतरवल्या, तेव्हा जागा वाचावी म्हणून १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फायली केल्या आणि काम संपले असे समजून निम्म्या कॅसेटी माळ्यावर टाकल्या. त्यांना बुरशी लागली. आज त्या फायली ऐकताना गाणाऱ्याचा आवाज बरा लागतो, पण मागचा तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. कारण जवारीतून, म्हणजे तारांखालच्या घोडीच्या खास घडणीतून, उमटणारे सूक्ष्म, उंच स्वरांशच एमपीथ्रीने अनावश्यक ठरवून गाळले आहेत. अशी फाइल नंतर फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातले काहीही न गाळता फाइल आकसवणाऱ्या स्वरूपात, बदलली, तर तिचा आकार तेवढा वाढतो, गेलेला नाद परत येत नाही.

वाचलेल्या कॅसेटी आता मी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने, म्हणजे आवाजाची सेकंदाला ९६ हजार मापे आणि प्रत्येक माप २४ बिटांचे, उतरवत आहे. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना 'इआसा' किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सुचवते, आणि फाइल ब्रॉडकास्ट वेव्ह स्वरूपात, म्हणजे जादा माहितीची सोय असलेल्या न आकसवलेल्या वेव्ह फायलीत, ठेवण्यास सांगते. मोठ्या संस्थेला तो सल्ला योग्यच आहे. घरच्या संग्रहासाठी मात्र मी फ्लॅक निवडले. साध्या वेव्ह फायलीला चार जीबीची मर्यादा असते, म्हणजे या दर्जाचे स्टिरिओ ध्वनिमुद्रण दोन तासांच्या थोडे पुढे गेले की फाइल तोडावी लागते. शिवाय तिच्यात राग, ताल, कलाकार ही माहिती देवनागरीत भरली, तर दुसऱ्या संगणकावर ती नीट दिसेलच अशी खात्री नसते. फ्लॅकमधील माहिती युनिकोडमध्येच राहते.

माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट वेगळीच आहे. फ्लॅक फाइल तयार होताना मूळ ध्वनीची एमडी५ खूण, म्हणजे त्या ध्वनीवरून गणिताने काढलेली ओळखसंख्या, तिच्यातच नोंदवली जाते, त्यामुळे दहा वर्षांनी हार्ड डिस्कवरचा एखादा भाग गुपचूप बिघडला असला, तरी तपासणीची एक आज्ञा देताच ते उघड होते. साध्या वेव्हमध्ये ही सोय नाही. तिथे बिघाड बहुधा कानालाच सापडतो, तोही उशिरा. २००१ पासून वापरात असलेल्या या खुल्या स्वरूपाला डिसेंबर २०२४ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने आरएफसी ९६३९ या जाहीर दस्तऐवजाद्वारे प्रमाणित केले, त्यामुळे उद्या आजचे प्रोग्रॅम नाहीसे झाले तरी या फायली वाचणारा नवा प्रोग्रॅम लिहिता येईल.

जागा मात्र अपेक्षेइतकी वाचत नाही. कॅसेटची खरखर म्हणजे निव्वळ गोंगाट, आणि गोंगाट फारसा आकसत नाही. ती खरखर मी मूळ प्रतीत तशीच ठेवतो; सफाई करायची ती ऐकण्यासाठीच्या एमपीथ्री प्रतीत.