गच्चीवरची बेल

रविवार, रात्री साडेदहा

गुरुवारी सिलिंडर परत गेला. आई गच्चीवर कुरडया घालत होती. पोरानं खाली दोनदा बेल दाबली आणि गाडी पुढे नेली. तिला एका कानानं तसंही कमीच ऐकू येतं.

सरळ उपाय म्हणजे त्याच बटणावर दुसरी बेल. पण २३० व्होल्टची वायर उघड्या गच्चीपर्यंत न्यायची, त्यात पावसाळा तोंडावर, मन धजेना. शिवाय लोक बटण दाबतात ते निसटतं. म्हणून मेन स्विच पाडून, टेस्टरनं दोनदा खात्री करून बेलच्या दोन टोकांना पीसी८१७ ऑप्टोकपलर लावला, म्हणजे वीज न जोडता उजेडातून इशारा पोचवणारी चिप. सोबत ४७ के (किलोओहम)चे अर्ध्या वॅटचे दोन रेझिस्टर आणि एक उलटा डायोड. बटण दाबलं की आतला एलईडी लागतो. पलीकडे उजेड जातो, मेनची वीज नाही. वर जिन्याच्या खोलीत झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांची पट्टी) ५५५ टायमर, म्हणजे ठरावीक वेळ मोजणारी चिप, जुन्या राउटरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर. १०० केचा रेझिस्टर गुणिले ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, गुणिले १.१, म्हणजे कुणी ओझरतं दाबलं तरी बझर पाच सेकंद वाजणार. ही चिप १९७२ पासून बाजारात आहे आणि बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ अजून चण्याफुटाण्यासारखी मिळते. मी दोन घेतल्या. पहिली आपण जाळतोच.

जळली नाही. पण आज सकाळी पाण्याची मोटर लावली आणि बझर बोंबलला. आई तुरुतुरु खाली. दारात कुणी नाही. मोटर बंद केली, पुन्हा तेच. जिन्यातून वर आणलेली लांब वायर अँटेना होऊन मोटरचा विजेचा खरखराट पकडत होती! टायमरची पाच नंबरची पिनही मोकळीच. कॉलेजच्या जर्नलमध्ये दर आकृतीत तिथे ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढलाय, आणि मी कंटाळा केला. तो लावला, दोन नंबरच्या, म्हणजे टायमर सुरू करणाऱ्या पिनवरून ग्राउंडला ०.१ चा टाकला. मग मोटर दहा वेळा चालू-बंद. बझर गप्प. टाकी मात्र वाहायला लागली, शेजारच्या काकूंनी हाक मारून सांगितलं.

संध्याकाळी खालून बेल दाबून दाखवली.

"अरे, केवढ्यानं ओरडतंय ते! कावळेसुद्धा उडाले."

बझरच्या भोकावर चिकटपट्टी लावायला घेतली तर म्हणाली, "राहू दे तसंच. मला वर एक बटण दे, कावळा कुरडईवर बसला की दाबायला."

दोन नंबरची पिन आणि ग्राउंड, मध्ये एक पुश बटण. उद्या ऑफिसातून येताना आणतो.