फिर्याद करण्याचा अधिकार

दिवंगत पुढाऱ्याची बदनामी केल्याच्या आरोपावरून एका पुस्तिकेच्या लेखकाविरुद्ध खासगी फिर्याद दाखल झाली होती. दंडाधिकाऱ्यांनी प्रोसेस, म्हणजे आरोपीला हजर राहण्याचा आदेश, काढली आणि तिच्याविरुद्धचा आमचा रिव्हिजन (फेरतपासणी) अर्ज त्या दिवशी शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात सुनावणीला होता. पुस्तिकेतला शब्द न् शब्द खरा आहे हेच मी पटवून द्यावे, असा अशिलाचा आग्रह होता; त्यासाठी त्याने कात्रणांचे गाठोडेच आणले होते. मी ते उघडलेच नाही.

मृताच्या बदनामीची फिर्याद कोण करू शकतो, हा प्रश्न पुण्यात पूर्वी लढला गेला आहे. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तिकेत टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर जहाल टीका होती, त्यावरून जवळकर, केशवराव जेधे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना खालच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली. १९२६ मध्ये सत्र न्यायालयातल्या अपिलात त्यांच्यासाठी उभे राहिले ते वकिलीत तुलनेने नवे असलेले बॅरिस्टर आंबेडकर. भाषेच्या वादात न शिरता त्यांनी फिर्यादीचे मृतांशी नाते दूरचे आहे हा मुद्दा लावून धरला आणि आरोपी निर्दोष सुटले.

चरित्रकार या खटल्यावरून घाईने पुढे सरकतात, असे मला वाटते. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या या नेत्याने पुढच्याच वर्षी मांडलेले खोती (कोकणात खोतांमार्फत सारा वसूल करण्याची पद्धत) निर्मूलनाचे विधेयक पाहावे: खोतांना वाजवी भरपाई आणि प्रत्यक्ष जमीन कसणाऱ्याला भोगवटादाराचा दर्जा. सभेत टाळ्या घेणारे वाक्य त्यात नाही. कायद्यात टिकेल तेवढेच आहे.

मीही तेवढेच मांडले. मृताविषयीचा मजकूर बदनामी ठरायचा तर त्यामागे कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू लागतो, असे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ चे आणि आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चे पहिले स्पष्टीकरण सांगते. आमचा फिर्यादी पुढाऱ्यांच्या चुलत आत्याचा नातू होता. न्यायाधीशांनी विचारले, “मुले हयात आहेत ना? मग ती का आली नाहीत?” समोरच्या वकिलांनी मुले कामात व्यग्र असल्याचे सांगितले, तेव्हा मागच्या बाकांवर हशा पिकला.

दुपारनंतर प्रोसेस रद्द झाली. अशील मात्र नाराज होता. “पण साहेब, मी लिहिले ते खरे आहे, हे निकालात कुठे आले?” मी त्याला आदेशाच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज सहीसाठी दिला.