वास कुठून येतो

सोमवार, रात्री

हात तीनदा धुतले. साबण झाला, बेसन झालं, लिंबाची फोड चोळून झाली. तरी नखांत डिझेलचा वास आहेच. काल दिवसभर मामाच्या होडीत वाकून बसलो होतो. कंबर धरलीय, पण झोपण्याआधी हे लिहून काढतो.

मामा करमाळ्याच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर राहतो. आजोबांची जमीन धरणात गेली आणि मामा मासेमारीकडे वळला. होडीला दोन सिलिंडरचं जुनं डिझेल इंजिन आहे. जाळी टाकायची आणि मासळी पलीकडे भिगवणच्या बाजारात न्यायची, असा त्याचा रोजचा फेरा. तीन महिने झाले, होडीच्या तळाला साचणाऱ्या पाण्यावर डिझेलचा तवंग येत होता. दोन मिस्त्री येऊन गेले. एकाने फिल्टरचं सील बदललं, दुसऱ्याने दिसेल तो नट आवळला. दोन-चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच.

"आरं, जुनं इंजिन हाय, थोडं गळायचंच," मामा म्हणाला आणि डब्याने तळातलं पाणी उपसून बाहेर टाकू लागला. पाण्यावर मोरपंखी रंगाचा पट्टा पसरत गेला. मी त्याचा हात धरला. हे पाणी पाइपलाइनने शंभरेक किलोमीटर चालून सोलापूरला येतं. काही दिवसांआड नळ येतो, तेव्हा माझी आई हेच पाणी गाळून माठात भरते. मामाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. डब्याभर पाण्याचा आणि आमच्या माठाचा संबंध त्याने कधी जोडला नव्हता, एवढंच. मग तळ कोरडा होईपर्यंत सगळं कॅनमध्ये उपसलं.

बाबा मिलमध्ये फिटर होते. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय: आधी पूस, मग बघ. मी अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, तिथल्या चिंध्यांची पिशवीच सोबत नेली होती. दीड तास फक्त पुसलं. टाकीचा कॉक, फीड पंप, फिल्टर, त्यांना जोडणाऱ्या नळ्या, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवरून टाकीकडे परत जाणारी बारीक नळी, सगळं. ओल्या इंजिनात गळती शोधण्यात अर्थ नसतो, कारण डिझेल पेट्रोलसारखं उडून जात नाही. कालचा डागही आजचाच वाटतो.

पुसताना मनात हिशेब चालू होता. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीतून पंप डिझेल ओढून घेतो. तिथे फट असेल तर चालू इंजिन हवा खातं, मध्येच दम सोडतं, सकाळी लवकर सुरू होत नाही. मामाचं इंजिन एका झटक्यात सुरू होतं आणि बंद पडत नाही. म्हणजे पंपाच्या पुढे बघायचं. पातळी मोजायची दांडी काढून इंजिनाचं ऑइलही बघितलं. पातळी वाढली नव्हती, ऑइल पातळ नव्हतं, त्याला डिझेलचा वासही नव्हता. हे बघणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटत होतं. फीड पंपाचा पडदा फाटला तर डिझेल आत ऑइलमध्ये उतरतं आणि बाहेर थेंबही न दिसता इंजिन खराब होतं.

मग मामीकडून पावडरचा डबा मागून आणला. नळ्यांवर आणि सांध्यांवर पातळ थर भुरभुरला, खाली वर्तमानपत्र अंथरलं. कॉक उघडा ठेवून इंजिन तासभर बंदच ठेवलं. कागद कोरडा. मग सुरू केलं. मामा पुढे वाकून नोझलकडे जाणाऱ्या जाड नळ्या चाचपायला लागला, तेव्हा मी ओरडलोच. त्या नळ्यांत दाब इतका असतो की सुईएवढ्या छिद्रातून निघालेली धारही कातडीत शिरते. तिथे हात नाही, पुठ्ठा धरायचा. पुठ्ठा कोरडा राहिला.

दहा मिनिटांनी फिल्टरच्या भांड्याखाली थेंब लोंबकळला. दोन्ही मिस्त्रींनी तोच बघितला असणार. पण भांड्याच्या अंगावरची पावडर वरून खाली ओघळलेली होती. ती ओली रेघ वर धरत गेलो, तर फिल्टरच्या डोक्यावर, पंपाकडून येणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टाशी पोचलो. त्याच्या दोन बाजूंची तांब्याची वॉशर चपटी, कडक झालेली. मिनिटाला बारा थेंब मोजले. वीस थेंबांचा एक मिली धरला, तर तासाला छत्तीस मिली. रोज चार तास इंजिन चालतं, म्हणजे महिन्याला चार लिटरच्या वर. मामा आकडा ऐकून गप्पच झाला.

वॉशर बदलून मी मोकळा होणार होतो. पाना उचलला तेव्हा ती नळी हाताखाली थरथरताना जाणवली. इंजिनाच्या अंगाला तिला धरून ठेवणारी क्लिप जागेवर नव्हती, नुसतं भोक उरलं होतं. नळी दिवसभर हलत राहायची आणि तो बोल्ट सैल करत राहायची. आवळल्यावर दोन दिवस बरं का वाटायचं, ते तेव्हा कळलं. खरं सांगतो, ते रिकामं भोक बघून मला जो आनंद झाला, तो पगार झाल्यावरही होत नाही.

गावात नवी वॉशर मिळेनात. मामीच्या गॅसवर जुनीच लाल तापवली, पाण्यात टाकली. तांबं असं केल्यावर मऊ पडतं, पोलादासारखं कडक होत नाही. वर आलेला काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढला. पत्र्याची पट्टी वाकवून क्लिप केली, आत सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे संपेपर्यंत हवा काढली. पुन्हा पुसलं, पुन्हा पावडर. अर्धा तास इंजिन चालवलं, मामा सबंध वेळ कागदाकडे बघत बसला होता.

आज दुपारी त्याचा फोन आला. भिगवणला जाऊन आला, कागद कोरडा आहे. नवी वॉशर मी इथून पाठवतोय, तापवलेली किती दिवस पुरतील याचा भरवसा नाही. काळ्या पाण्याचा तो कॅन मात्र मामाच्या अंगणातच आहे. डिझेल आता वर येऊन वेगळं झालं असेल. ते चिंधीने टिपून घेता येईल, पण खालचं पाणी काठावर ओतायचं नाही, एवढं त्याला बजावलंय. पुढच्या रविवारी जाऊन तो कॅन मी इकडे घेऊन येईन. कारखान्यात जळकं ऑइल उचलायला माणूस येतो, तो घेईल का, उद्या विचारतो.