पॅरिसच्या दुकानात आठवलेला अड्डा

मी पॅरिसला शिकते. सुट्टीला गिरगावात आले की पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडे बॅगा केवढ्याला गं?" किंमत सांगितली की शेजारच्या काकू मनातल्या मनात युरोचे रुपये करतात आणि "काहीतरीच!" म्हणून आत जातात. तर बॅगा राहू द्या. आमच्या वर्गाला डिओर या फ्रेंच फॅशन कंपनीच्या पॅरिसमधल्या मुख्य दुकानात नेलं होतं, त्याबद्दल लिहिते.

पत्ता ३०, आव्हेन्यू माँतेन्य. १९४७ च्या फेब्रुवारीत ख्रिस्तियन डिओरनी पहिलं कलेक्शन दाखवलं ते इथेच. २०२२ मध्ये नूतनीकरण होऊन पुन्हा उघडलं. आत बाग, रेस्टॉरंट, शेजारी म्युझियम. व्हिडिओ ढीगभर आहेत, बघून घ्या. विक्रेतीने आम्हा फाटक्या खिशाच्या पोरांनाही एक जॅकेट उलटं करून अस्तराची शिवण दाखवली, अगदी प्रेमाने. पण एकच जॅकेट. दादरला साडी बघायला जा, नको नको म्हणेपर्यंत गादीवर ढीग पडतो आणि मिशीवाला सेल्समन पदर स्वतःच्याच खांद्यावर घेऊन उभा राहतो!

म्युझियममध्ये भरतकामासमोर सर थांबले. फ्रेंच ल्युनेव्हिल पद्धतीत कापडाची उलटी बाजू वर ठेवून ताणतात, मणी खालच्या बाजूला बसतात, हुक वरून चालतो. मी म्हटलं, आमच्या आरीत, म्हणजे आकड्याच्या सुईने करतात त्या भरतकामात, कारागीर सुलट बाजूनेच काम करतो, मणी सुईवर चढवून, नजरेसमोर. अड्ड्याभोवती, म्हणजे कापड ताणायच्या लाकडी चौकटीभोवती, मांडी घालून चौघं बसतात, खाक्यावरून, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदावरून, नक्षी छापलेली असते. सरांनी मान डोलावली. हुकाची ही कला अठराव्या शतकात युरोपात आली ती पूर्वेकडूनच, हेही त्यांनीच सांगितलं.

तेवढ्यात वर्गातला एक जण म्हणाला, "म्हणजे तिकडे स्वस्तात करून मिळतं, नाही का?"

माझं डोकंच फिरलं. बाई गं, किती बोलले मी! २०२० च्या डिओरच्या कुटुर शोमध्ये, म्हणजे हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या शोमध्ये, अमेरिकन चित्रकर्ती जुडी शिकागोचे भलेमोठे बॅनर होते, त्यांवर भरतकाम केलं ते मुंबईच्या चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टमधल्या बायकांनी. मुळात हा पुरुषांचा धंदा, तिथे बायका शिकतात. २०२२ च्या जानेवारीत माधवी आणि मनू पारेख यांची चित्रं धाग्यात उतरली, तीही चाणक्यच्याच हातांनी. ३० मार्च २०२३ ला तर डिओरच शो घेऊन मुंबईत गेटवेवर आलं, भलंथोरलं तोरण लावून. हे सगळं जाहीर आहे, नावानिशी. तो नुसता "ओके" म्हणाला.

मजुरीचं विचारलं असतं तर मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. परक्या देशात आपली धुणी कोण धुणार?

घरी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "आरीच बघायची होती तर पॅरिस कशाला? इथेच बसायचं एखाद्या अड्ड्यावर."

काका, सुई धरायला नाही गेले मी. त्या सुईच्या कामाला एवढा भाव कसा लावतात, ते शिकायला गेलेय. फीचा पुढचा हप्ता सप्टेंबरात आहे, तो विषय आईसमोर काढू नका.