एम्पाद्रोनामिएन्तो: सहा टाळ्यांचा शब्द

माद्रिदला आल्यावर पहिल्याच आठवड्यात हा शब्द समोर आला. राहता पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा, त्या नोंदणीचं हे नाव. देवनागरीत लिहून घोकला, खिडकीपाशी म्हटला, तरी पलीकडच्या बाईंनी दोनदा "काय?" विचारलं.

मी 'मि' आणि 'एन्' वेगळे म्हटले होते आणि जोर कुठेच दिला नव्हता. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून तो मला ऐकूही येत नव्हता. स्पॅनिशमध्ये 'तेर्मिनो'च्या 'ते'वर जोर दिला तर 'मुदत', 'मि'वर दिला तर 'मी संपवते', 'नो'वर दिला तर 'त्याने संपवलं'!

शिकवणीच्या बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. एम-पा-द्रो-ना-मिएन-तो. सहा टाळ्या, पाचवी मोठी. आ, ए, ओ हे स्वर एकमेकांशेजारी आले तर वेगळे राहतात; इ किंवा उ शेजारी आला, की दोघे एका तुकड्यात मिसळतात (त्या इ-उवर जोर दाखवणारी तिरपी रेघ नसेल तर). विमानतळाच्या शब्दात दोन्ही दिसतं: आ-ए-रो-पुएर-तो.

मला खरं अडवलं ते आपल्या जोडाक्षरांनी. 'रेस्पोन्साबिलिदाद' लिहिलं की डोळा रे-स्पो-न्सा असं तोडतो. तोडायचं असतं रेस-पोन-सा-बि-लि-दाद. मग शाळेतली वृत्तं आठवली. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, कारण पहिलं व्यंजन मागच्या अक्षराला टेकतं. तेच इथे! फक्त प्र, त्र, द्र, ब्ल, क्ल अशा जोड्या फुटत नाहीत, म्हणून 'द्रो' अखंड राहिला. हे उमगलं त्या संध्याकाळी मी घरभर टाळ्या वाजवत फिरले.

जोराचा नियम त्यामानाने सोपा. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्या. 'रेस्पोन्साबिलिदाद' द-वर संपतो, म्हणून जोर 'दाद'वर. याला अपवाद असेल तिथे स्वरावर तिरपी रेघ असते. 'मेन्ते' लागलेल्या क्रियाविशेषणांत मात्र दोन जोर: रा-पि-दा-मेन-ते, म्हणजे 'झटपट', यात 'रा'वर आणि 'मेन'वरही.

आता वहीत लांब शब्द तुकडे पाडूनच लिहिते. गेल्या आठवड्यात मुलाचा कान दुखत होता. ओ-तो-र्रि-नो-ला-रिन-गो-लो-गो, कान-नाक-घशाचे डॉक्टर. नऊ तुकडे, रेघ सातव्यावर. फोनवर एकदाच म्हटलं. गुरुवारची वेळ मिळाली.